मशीन घेऊ नकोस

चि. सौ. राणी हिस,


तुझा मेसेज आणि त्या मशीनचे फोटो मिळाले. उत्तर आधी देते, कारणं मागाहून सांगते. ते तीळ-चामखीळ जाळायचं पेन घेऊ नकोस. एक्झिबिशनमधला तो माणूस दोन दिवसांचं ट्रेनिंग देतो म्हणतोय, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट देतोय आणि एका लग्नसराईत पैसे वसूल होतील अशी हमीही देतोय. त्यातलं पैशांचं तेवढं खरं असेल. फलटणसारख्या गावात साखरपुड्याच्या आधी गालावरचा तीळ काढून घ्यायला मुली नंबर लावतील, हे मलाही दिसतंय. तरी नको. एवढंच व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर 'ओके आत्या' म्हणून अंगठा पाठवला असतास आणि मशीनही आणलं असतंस, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. पार्लरमधली दुपारची गिऱ्हाइकं गेली की वाच.

तीळ म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा पुंजका. जन्मभर अंगावर वागवावेत इतके ते निरुपद्रवी असतात. पण त्याच रंगपेशी बिघडल्या की मेलानोमा होतो. त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगांतला हा सगळ्यांत वाईट, आणि सुरुवातीला तो दिसतो साध्या तिळासारखाच. संशय आला की डॉक्टर तो तीळ कापून काढतात, फॉर्मलीनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. तिथे त्याचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघून रोग त्वचेत किती खोल उतरलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ही मोजणी अलेक्झांडर ब्रेस्लॉ नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० साली मांडली, आणि आजही पुढचं बरंचसं तिच्यावर ठरतं: भोवतालची कातडी किती काढायची, काखेतल्या-जांघेतल्या गाठी तपासायच्या की नाही, पेशंटला काय सांगायचं. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना सापडला तर बहुतेक जण पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत असतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की सगळंच अवघड होतं. आता तुझ्या पेनने काय होईल ते बघ. वरचा काळा भाग जळेल, खपली पडेल, बाई खूश होऊन जाईल. खाली काही उरलं असेल तर ते काही महिन्यांनी गळ्यातल्या नाहीतर काखेतल्या गाठीत सापडेल. तेव्हा डॉक्टर विचारतील, मूळ तीळ कुठे होता, कसा होता? तुझ्याकडे सांगायला काही नसेल. जळलेल्या कातडीचा रिपोर्ट निघत नाही.

हेच बिब्ब्याला लागू, चुन्या-सोड्याच्या लेपाला लागू, घोड्याचा केस बांधून चामखीळ पाडणाऱ्यालाही लागू. तुझ्या आजीच्या बिब्ब्यातून आम्हा भावंडांपैकी कुणी सुटलं नव्हतं. जिच्यावर तिने तो लावला ती खरोखर चामखीळच होती, हे आमचं नशीब.

पण म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे संशयाने बघायला लागू नकोस. आपल्याकडे एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अगदी थोडा आहे. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कितीतरी जास्त. तुझ्या खुर्चीत रोज जे दिसतं ते बहुतेक साधं असतं. तिशीनंतर गालांवर, डोळ्यांखाली मोहरीएवढे काळे दाणे येतात. आईला असतात, मग मुलीला येतात, हळूहळू वाढतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. मानेवर लोंबणारे मऊ मस असतात. ते फार असतील तर वजन आणि साखर तपासून घ्यायला सांग, बाकी काही नाही. म्हाताऱ्या बायकांच्या कानशिलावर, पाठीवर तपकिरी खरखरीत ठिपका असतो, वरून चिकटवल्यासारखा, नखाने खरवडला तर निघेल असा वाटणारा. वांग तर घरोघरी. कोडाचा कर्करोग होतो अशी एक भीती लोकांच्या मनात घर करून आहे, तिला काही आधार नाही. यातले दाणे, मस किंवा ठिपके दिसायला नकोत म्हणून काढून घ्यायचे असतील तर खुशाल काढावेत, पण त्वचारोगतज्ज्ञाकडे. तोही जाळूनच काढेल, तुझ्यासारखंच. जाळण्याआधी तो भिंगातून बघेल, एवढाच काय तो फरक, आणि ते बघायला शिकण्यात त्याची वर्षं गेलेली असतात.

आता कुठे बघायचं ते. त्या शिंदेबाई, ज्यांची मुलगी मेलबर्नला असते, त्या तुला उन्हाचं आणि सनस्क्रीनचं सांगत असतात असं तू म्हणालीस. मुलीचं बरोबर आहे, ती राहते तिथे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत दर तीन माणसांतल्या दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो असा तिथला हिशेब आहे. अंगात शर्ट घाला, क्रीम चोपडा, डोक्यावर टोपी घाला, ही मोहीम त्यांनी १९८१ पासून लहान मुलांच्या गाण्यापर्यंत नेली. गोऱ्या कातडीवर ते ऊन पडतं तेव्हा हे होणारच. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे उन्हाचा बराचसा मारा ते झेलतं. मग आपल्याला मेलानोमा होतो कुठे? जिथे ऊन पोचत नाही तिथे. तळपायाला, टाचेला, तळहाताला, नखाखाली. हे पुस्तकात वाचलं तरी पटकन पचत नाही. मी ओपीडीत नव्या डॉक्टरांना सांगायचे, पेशंटला चपला काढायला लावा, तर ते माझ्याकडे मी पूजेला बसवतेय अशा नजरेने बघायचे.

आणि इथे तुझं महत्त्व आहे. बाई स्वतःचा तळपाय शेवटचा कधी बघते? काटा मोडला तर. म्हातारपणी गुडघे वळत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. नवरा बघत नाही, सून बघत नाही. डॉक्टरकडे गेली तर तो नाडी, बीपी, फार तर जीभ बघतो. फलटणमध्ये दुसऱ्याचे तळपाय उजेडात, मांडीवर घेऊन, धुऊन, घासून बघणारी तू एक आहेस. पेडिक्युअरच्या टबाशेजारी तो पिवळा बल्ब आहे तो काढ आणि चांगला पांढरा दिवा लाव. पाय कोरडा केलास की घासायच्या आधी एकदा बघ: टाच, चवडा, कमान, बोटांच्या मधल्या जागा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या समजून लोक काय काय सोडून देतात.

तळव्यावर काळा-तपकिरी डाग दिसला तर विचार, कधीपासून आहे? लहानपणापासून आहे, आहे तेवढाच आहे, तर बहुधा तीळ. (तळव्याला तीळ म्हणजे परदेशवारी, असं सांगणारी एक तरी भेटेलच. तिला हसून सोड.) दोन-चार वर्षांत आला, वाढतोय, कडेने शाई फुटल्यासारखा पसरतोय, एका भागात काळा कुळकुळीत आणि दुसऱ्या भागात फिका, तर तो घासायचा नाही, त्यावर क्रीम लावायचं नाही, दाखवायला पाठवायचं. तळव्याच्या कातडीवर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात ना, उंचवटे आणि खोबणी? साध्या तिळाचा रंग बहुतेक खोबणीत बसलेला असतो आणि मेलानोमाचा उंचवट्यांवर, हे जपानी डॉक्टरांनी भिंगातून बघून बघून शोधलं. त्यांच्याकडेही हा तळव्याचाच प्रकार जास्त. पण हे भिंगाचं काम. तू ते ठरवायला जाऊ नकोस.

सगळ्यांत फसवं म्हणजे कुरूप. एक ऊसतोडीला जाणारी बाई माझ्याकडे आली होती, टाचेला जखम म्हणून. गावात सगळ्यांनी कुरूप ठरवलेलं. ब्लेडने तासायचं, वर कॉर्न कॅप चिकटवायची, पुन्हा फडात. टाच धुऊन बघितली तेव्हा मधोमध लालसर मांस वर आलेलं, हात लावला की रक्त, आणि त्याच्या एका कडेला नखाएवढी काळी किनार. तेवढी काळी किनार नसती तर मीही जखमच म्हटलं असतं का, हा प्रश्न आहे, कारण काही मेलानोमांना रंगच नसतो, नुसता लाल मांसाचा गोळा असतो. तर कुरूप दाबलं की दुखतं, तासलं की आत पांढरा घट्ट खडा दिसतो, आणि जागा सोडून ते पसरत नाही. जे कुरूप तासल्यावर सतत रक्त देतं, ज्याच्या बुडाशी किंवा कडेला काळं आहे, जे दोनदा काढूनही भरत नाही, त्याला ब्लेड लावायचं नाही. तुझ्याकडच्या त्या नव्या पोरीलाही हे सांगून ठेव, तिला ब्लेडची फार हौस आहे.

शुगर असलेल्या बायकांचं आणखी वेगळं. पायाची कुठलीही जखम 'शुगर आहे म्हणून भरत नाही' या एका वाक्यावर वर्षभर निघते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण महिनाभर नीट ड्रेसिंग होऊन, शुगर ताब्यात येऊनही जखम जशीच्या तशी असेल, कडा जाड होऊन बाहेर वळल्या असतील, तर तिचा तुकडा तपासलाच पाहिजे.

नखांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तू नेलपॉलिश काढतेस आणि लावतेस, त्या मधल्या दहा मिनिटांत नख खरं दिसतं. आपल्या लोकांच्या नखांत उभी तपकिरी रेघ असणं नवीन नाही. चार-पाच नखांना असेल, फिकी, सरळ, तर घाबरायचं कारण नाही. एकाच नखाला असेल, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याला, पन्नाशीच्या पुढे नव्याने आलेली असेल, तीन मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत असेल, किंवा तिथे नख चिरत असेल, तर पाठव. आणि एक खूण कधी विसरू नकोस: रेघेचा काळा रंग नखाबाहेर, मुळाशी असलेल्या कातडीवर उतरलाय का? लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ती दाखवली, तिला अजून त्यांचंच नाव आहे. ही खूण दिसली की थांबायचं नाही.

यावर बायका हमखास सांगतात, 'दारात अंगठा सापडला होता', 'पाटा पडला होता'. तेही खरं असू शकतं. नखाखाली साकळलेलं रक्तही काळंच दिसतं. ते ओळखायची साधी रीत आहे. नख वाढतं तसं रक्त पुढे सरकतं आणि मागे, मुळाशी, स्वच्छ नख दिसायला लागतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे घाई नाही. डागाच्या मागच्या कडेशी नखावर कानशीने बारीकशी खाच कर आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलव. खाच आणि डाग दोन्ही पुढे गेले आणि मागे जागा मोकळी झाली तर रक्त. खाच पुढे गेली आणि डाग मुळाला चिकटून राहिला, तर डॉक्टर. मात्र हचिन्सनची खूण असेल तर ही खाचबीच करत बसायचं नाही, लगेच पाठवायचं. जमैकाचा गायक बॉब मार्ले तुझ्या मुलाच्या टी-शर्टवर असतो ना, त्याचंही असंच झालं. उजव्या पायाच्या अंगठ्याला, नखाखाली. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं सगळे धरून चालले. १९७७ साली मेलानोमाचं निदान झालं, अंगठा काढायला त्याने नकार दिला, आणि ११ मे १९८१ रोजी तो गेला. वय ३६.

काळ्या डागांचं इथवर. आता दुसरा प्रकार, त्याला रंग नसतो आणि आपल्याकडे तोच जास्त त्रास देतो. तो जखमेच्या रूपाने येतो. तू नवरीला साडी नेसवतेस, आईला-काकूला नऊवारी नेसवतेस, परकराची नाडी तुझ्या हातात असते. तेव्हा कंबर बघत जा. नाडी रोज एकाच जागी आवळली की तिथे पट्टा पडतो, आधी काळपट, खाजरा, मग कुठे पांढुरका, जाड. त्यावर घाम, त्यावर घर्षण, वर्षानुवर्षं. क्वचित एखादीला त्या पट्ट्यातच चीर पडते आणि ती भरत नाही. याला डॉक्टरांच्या जगात नाव मिळालं ते आपल्या मुंबईत. परळच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध लिहिला: माणसांच्या सवयींतून होणारे तीन नवे कर्करोग. उलटा चुट्टा (जळतं टोक तोंडात धरून) ओढणाऱ्यांचा टाळूचा, खैनी ठेवणाऱ्यांचा ओठाचा, आणि धोतराच्या गाठीखालचा कमरेचा. धोतर गेलं, साडी राहिली. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी मिळून दोन बायकांची हकिकत छापली. एकीच्या कुशीवर दीड वर्ष न भरलेली जखम होती. दुसरी आयुष्यभर रोज लुगडं नेसणारी, परकर नाही, कापडच कमरेला घट्ट आवळलेलं, आणि तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. वर्धा म्हणजे काही परमुलूख नाही.

नाडीचा उपाय अगदी बिनपैशाचा आहे. रुंद पट्टीची नाडी घालायची, जरा सैल बांधायची, गाठीची जागा बदलत राहायची, रात्री मोकळं सोडायचं, काळपट जागा धुऊन कोरडी ठेवायची. हे तू सांगितलंस तर बायका ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील, डॉक्टरीणबाई आता आम्हाला साडी नेसायला शिकवणार.

भाजल्याचे जुने व्रणही याच प्रकारात येतात. आमच्या तरुणपणी रॉकेलच्या स्टोव्हचे भडके किती बायकांनी अंगावर घेतले (काही भडके स्टोव्हचे नव्हते, तेही आपल्याला ठाऊक आहे). त्यातल्या ज्या वाचल्या त्या आता पन्नाशी-साठीच्या आहेत, लांब बाह्यांचा ब्लाऊज घालतात आणि व्रण कुणाला दाखवत नाहीत. तुझ्यासमोर वॅक्सिंगला किंवा मसाजला कधीतरी बाही वर जाते. ताणलेल्या, पातळ, चकचकीत व्रणावर नव्याने फोड येऊन फुटतो, खपली धरते, पुन्हा फुटते, अशी तक्रार असेल तर ती खाज म्हणून सोडू नकोस. अशा व्रणात कर्करोग उद्भवायला तीसेक वर्षंही लागतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनच्या नावाने तो ओळखला जातो. काश्मीरमध्ये फिरन या अंगरख्याच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या मांड्यांवर-पोटावर होणारा कर्करोग एल्म्सली नावाच्या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच नोंदवला होता. तिथेही तेच, एकाच जागी वर्षानुवर्षं चटका. कुष्ठरोगातून बरं झालेल्यांच्या तळपायाच्या जुन्या जखमांचंही तेच. कुष्ठरोगाच्या चट्ट्याबद्दल आपल्याकडे निदान भिंती तरी रंगल्या: न दुखणारा, बधिर चट्टा लपवू नका. कर्करोगाच्या जखमेबद्दल कुणी भिंत रंगवली नाही, आणि सुरुवातीला तीही दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात.

चेहऱ्याचं थोडक्यात. नाकाच्या कडेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, वरच्या ओठावर एक दाणा असतो, कड किंचित चकाकणारी. गोऱ्यांमध्ये तो गुलाबी असतो, आपल्यात बहुतेक काळा, म्हणून तीळच वाटतो. थ्रेडिंगच्या दोऱ्याने किंवा टॉवेलने पुसताना त्यातून रक्त येतं, खपली धरते, बरा झालासं वाटतं, पुन्हा रक्त. हा बेसल सेल कार्सिनोमा. अंगभर पसरून जीव घ्यायची त्याची रीत नाही, पण जागच्या जागी तो नाक, पापणी कुरतडत जातो. लहान असताना काढला तर टाके दोन-चार. उन्हाशी याचा संबंध आहे, आणि शेतात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्यांत दिसतो. जन्मतः अंगाला रंगच नसलेली, पांढऱ्या केसांची मुलं असतात ना, त्यांना मात्र ऊन अगदी वर्ज्य. अशी कुणी तुझ्याकडे आली तर टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन हे तिच्या आईला बजावून सांग. त्यांच्यासाठी तो शृंगार नव्हे, औषध आहे.

तुला इंटरनेटवर 'एबीसीडीई' सापडेल. तीळ असमान आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, रंग एकापेक्षा जास्त आहेत का, रुंदी सहा मिलिमीटरच्या वर आहे का, आणि बदलतोय का. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली पहिली चार अक्षरं जुळवली, पाचवं नंतर आलं. चांगली युक्ती आहे, पण गोऱ्या पाठीवरचे तीळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली. तळव्याला आणि नखाला ती अपुरी पडते, जखमेला लागूच होत नाही. मला विचारशील तर त्यातलं शेवटचं अक्षर, म्हणजे बदल, ठेव आणि एक स्वतःचं घाल: अंगावरच्या बाकीच्या तिळांत न बसणारा, एकटाच वेगळा दिसणारा तीळ. तू रोज शंभर तीळ बघतेस, तुझ्या डोळ्याला वेगळा तीळ आपोआप खुपेल. त्या खुपण्यावर विश्वास ठेव, त्याला नाव देण्याचं काम डॉक्टरचं.

नाव तू तर अजिबात देऊ नकोस. 'कॅन्सर' हा शब्द तुझ्या पार्लरमध्ये उच्चारायचा नाही. नाहीतर बाई रडत घरी जाईल, सासू म्हणेल त्या पार्लरवालीला काय कळतंय, आणि दोघी मिळून डॉक्टरकडे जायचं टाळतील. एवढंच म्हण: 'काकू, या डागावर मी काही करणार नाही, आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवून या, मग बघू.' बाजूला मापाची टेप धरून फोटो काढ, तिच्याच फोनवर, तुझ्या नाही, तारखेसकट. दोन महिन्यांनी आली की तोच फोटो उघडून बघायला सांग. आणि मुख्य म्हणजे, काही न करता पाठवलंस म्हणून पैसे कमी मिळाले तर मिळू देत.

पुढे काय होतं तेही ठाऊक असलेलं बरं, कारण ती तुलाच विचारेल. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या छोट्या यंत्रातून बघतील. शंका वाटली तर जागा बधिर करून तुकडा किंवा अख्खा डाग काढतील. त्याच दिवशी घरी. रिपोर्टला आठवडा-दहा दिवस. 'सुई टोचली की पसरतो' हे तू शंभर वेळा ऐकशील. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही, न काढल्याने वेळ जातो आणि त्या वेळात तो पसरतो. साध्या तिळाचंही जे काही कापून काढतील ते फेकून न देता तपासणीला पाठवा, एवढं तिने स्वतः म्हणावं. काही डॉक्टर तोही खर्च वाचवायला जातात, तिथे आग्रह धरावा. पैशांची अडचण असेल तर साताऱ्याचं सिव्हिल आहे, पुण्याचं ससून आहे. रिपोर्ट वाईट आला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. मुंबईला टाटाला जावं लागलं तर मला कळव, कुठल्या ओपीडीला नंबर लावायचा ते सांगेन.

आता घरचं. दादाचे पाय तू कधी बघितलेस? बघणार नाहीसच, बापाचे पाय आपण फक्त नमस्कारापुरते बघतो. मागच्या दिवाळीत पाटावर बसला तेव्हा उजव्या टाचेवर काळपट चट्टा दिसला. मी विचारलं तर म्हणाला, घट्टा आहे, चाळीस वर्षं शेतात राबलोय. असेलही घट्टा, सगळ्या टाचेवर सारखा पसरलेला, पिवळट, भेगा पडलेला असला तर. मला तो एका कडेला गडद वाटला, पण तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि त्याने लगेच पाय ओढून घेतला. तू त्याला पेडिक्युअरला बसव. तो हसेल, चिडेल, 'मी काय नवरी आहे का' म्हणेल. वहिनीला पुढे कर. पाय कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजू दे, साबणाने धू, कानस लावू नकोस. कोरडा करून खिडकीच्या उजेडात, टेप शेजारी धरून, दोन्ही टाचांचे फोटो काढ, सरळ वरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक, आणि मला पाठव. डाव्या टाचेचा विसरू नकोस, तुलना त्याच्याशीच करायची आहे. रविवारी सकाळी अकराला मी व्हिडिओ कॉल करते, तोवर त्याला मोजे घालू देऊ नकोस.

मुलाला परीक्षेसाठी शुभेच्छा, वहिनीला नमस्कार.

तुझी
आत्या